ताई, टेस्टिंगला लागू का?

इंजिनिअरिंगचा शेवटचा पेपर झाला की सोसायटीतली नाहीतर नात्यातली पोरं माझा जिना चढतात. 'ताई, गाड्यांच्या टेस्टिंगची ऑफर आलीय. घेऊ, की डिझाइनची वाट बघू?' सोबत आई असली तर तिला वेगळीच शंका. 'म्हणजे दिवसभर गाडीच चालवायची ना गं?'

नाही हो काकू. ट्रॅकवर तयारीचे ड्रायव्हर असतात, आणि दगडी ट्रॅकवर शिफ्टभर गाडी मारणं हे कंबरेचं काम आहे. नव्या इंजिनिअरच्या वाट्याला येते वायरिंग.

माझे पहिले काही महिने स्ट्रेन गेज चिकटवण्यात गेले. नखाएवढी पट्टी, धातू किती ताणला जातो ते मोजणारी. सस्पेन्शनच्या आर्मवरचा रंग काढायचा, पॉलिश पेपर मारायचा, मग अ‍ॅसिटोनने पुसत राहायचं, कापूस काळा यायचा थांबेपर्यंत. थेंबभर गोंद, फेव्हिक्विकच्याच जातीचा. वर टेफ्लॉनचा तुकडा ठेवून अंगठा दाबायचा आणि मिनिटभर गप्प बसायचं. नंतर मल्टिमीटर. ३५० ओहमचा गेज ३५०च्या आसपासच दिसला पाहिजे आणि बॉडीशी शॉर्ट नको.

पहिल्याच डेटाच्या आलेखात मला भलंमोठं टोक दिसलं. आर्म तुटणार, या खात्रीने मी मेल ठोकला, पाच जणांना सीसीत घेऊन. आमचे जुने टेक्निशियन काही न बोलता गाडीखाली गेले आणि केबल हलवली. गाडी उभी, इंजिन बंद, आणि स्क्रीनवर मात्र खड्ड्यात आदळल्यासारखं टोक! टाय सुटून केबल लोंबत होती. त्या पाच जणांना दुसरा मेल लिहायला मला अर्धा दिवस लागला.

म्हणून मुलांना मी एकच विचारते. आकडा विचित्र आला तर तुम्ही आधी कुणावर संशय घ्याल, गाडीवर की स्वतःवर? 'गाडीवर' म्हणणारा हुशार असतो, पण त्याचा रिपोर्ट मी दोनदा वाचते.

एमिशनच्या, म्हणजे गाडीचा धूर मोजायच्या लॅबमध्ये तर हे फारच जाणवतं. टेस्टच्या आधी गाडी २० ते ३० अंशांत किमान ६ तास थंड ठेवतात. रात्री कुणी जागा करायला म्हणून ती सुरू करून जरा पुढे घेतली, की तास पुन्हा पहिल्यापासून मोजायचे. (पुण्यात एमआयडीसी म्हटलं की चाकण-भोसरी आठवते. या लॅबमध्ये ती 'मॉडिफाइड इंडियन ड्रायव्हिंग सायकल', म्हणजे टेस्टमध्ये गाडी कधी किती वेगाने चालवायची याचा ठरलेला क्रम, आणि तिच्यात गाडी ९०च्या पुढे जातच नाही. नव्या पोरांचा हा गोंधळ ठरलेला.)

इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांनी एचआयएलकडे, म्हणजे 'हार्डवेअर-इन-द-लूप' टेस्टिंगकडे बघावं. तिथे गाडीच नसते. टेबलावर ईसीयू, म्हणजे गाडीचा कंट्रोल कॉम्प्युटर असतो आणि आपण गाडीत आहोत अशी त्याची समजूत घातलेली असते. कोरड्या रस्त्यावर बर्फ दाखवायचा आणि एबीएस, म्हणजे ब्रेक मारताना चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा, काय करतो ते बघायचं. ग्रीस लागत नाही म्हणून घरच्यांना हे काम पसंत पडतं.

मोठी फी भरून कोर्स लावायची घाई करू नका. घरच्या गाडीला ओबीडीचं, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे वाचणारं स्वस्त डोंगल लावा, कात्रजचा घाट चढताना कूलंटचं तापमान नोंदवा आणि पायथनमध्ये आलेख काढा. तो का वर गेला आणि का उतरला, हे इंटरव्ह्यूत सांगता आलं तर समोरचा खुर्ची पुढे ओढतो.

डिझाइनमध्ये नंतर जाता येतं. आमच्यातले काही गेलेही. मलाही जायचं होतं, राहून गेलं, आणि आता जायचं नाही.

ऑफर लेटर मात्र नीट वाचा. पेरोल कंपनीचं की थर्ड पार्टीचं, बाँड आहे का, आणि मध्य प्रदेशातल्या पिथमपूरच्या ११.३ किलोमीटरच्या हाय-स्पीड ट्रॅकवर महिनाभर पाठवलं तर राहण्या-जेवण्याचा खर्च कुणाचा, हे सही करायच्या आधी विचारा. सेफ्टी शूज मिळतील, ते मापाचे मागून घ्या.