तुम्ही विचारलंत म्हणून: पाण्यावरचा वेगाचा विक्रम इतकी वर्षं कसा टिकला?

मी फ्लुइड मेकॅनिक्स, म्हणजे पाणी-हवा कशी वाहते त्याचं शास्त्र, शिकवतो हे कळलं की हा प्रश्न ठरलेलाच. जमिनीवरच्या गाडीनं १९९७ मध्ये आवाजाचा वेग ओलांडला, मग सगळ्यात वेगवान बोटीचा विक्रम अजून १९७८चाच कसा? पैसा कमी पडतो, की इंजिनं?

इंजिनं मुबलक आहेत हो. केन वॉर्बीनं सिडनीतल्या घराच्या परसात लाकूड, प्लायवूड आणि फायबरग्लासची बोट बांधली आणि तिच्यात हवाईदलानं विकायला काढलेलं जुनं जेट इंजिन बसवलं. किंमत ६५ डॉलर! ८ ऑक्टोबर १९७८ला न्यू साउथ वेल्समधल्या ब्लोअरिंग धरणाच्या जलाशयावर ही 'स्पिरिट ऑफ ऑस्ट्रेलिया' ताशी ५११ किलोमीटरनं धावली. म्हणजे सात सेकंदांत एक किलोमीटर.

अडतं ते पाण्यापाशी. पाणी हवेपेक्षा सुमारे आठशे पट दाट. बोट जितकी बुडालेली, तितकं ते तिला मागे ओढणार. म्हणून या बोटी पाण्यात जवळजवळ नसतातच. तळाच्या दोन-तीन जागा तेवढ्या टेकवत, चपटा दगड टप्पे घेत जातो तशा वरच्यावर धावतात. पण पाण्याबाहेर आलं की तळाखाली हवा शिरते, आणि वेग दुप्पट झाला की तिची उचल चौपट होते. नाक जरा वर गेलं तर बोट मागच्या मागे कोलांटी खाते. खाली गेलं तर पाण्यात घुसते, आणि त्या वेगाला पाणी मऊ राहत नाही. गाडीला निदान वरून दाबून धरता येतं, खाली घट्ट जमीन असते. बोट दाबली की ओढ पुन्हा वाढली.

त्यात नियम असा की ठरलेल्या अंतरावर तासाभरात जाऊन-येऊन दोन फेऱ्या मारायच्या. विक्रम धरला जातो तो दोन्हींच्या सरासरीचा. डोनाल्ड कॅम्पबेलनं ४ जानेवारी १९६७ला इंग्लंडमधल्या कॉनिस्टन तलावावर 'ब्लूबर्ड' या जेट बोटीतून पहिली फेरी ताशी ४७९ किलोमीटरनं मारली. मग इंधन न भरता, उठलेल्या लाटा बसायची वाट न बघता तो लगेच उलट फिरला. बोट हवेत उठली, उलटली, फुटली. स्वतःच्याच लाटा, हलकी झालेली टाकी, इंजिनानं ऐन वेळी दगा देणं... कारणांवर अजून वाद चालतात. त्याचा देह तलावातून बाहेर काढला गेला तो २००१ मध्ये.

वॉर्बीचा विक्रम मोडायला निघालेले ली टेलर (१९८०, लेक टाहो) आणि क्रेग आर्फन्स (१९८९, फ्लोरिडा) दोघेही त्या प्रयत्नातच गेले. वॉर्बी मात्र २०२३ मध्ये, ८३ वर्षांचा होऊन वारला. मला विचाराल तर ५११ या आकड्याइतकंच हेही मोठं.

जाता जाता, माझी आवडती बोट मात्र वेगळीच. 'सेलरॉकेट २'. पॉल लार्सननं २०१२ मध्ये नामिबियाच्या वॉल्विस बे इथे ती निव्वळ वाऱ्यावर ताशी १२१ किलोमीटरनं पळवली. तिला इंजिनच नाही.

आता वॉर्बीच्या मुलानं, डेव्हनं, नवी जेट बोट बांधून त्याच ब्लोअरिंगवर चाचण्या घेतल्या आहेत. तो वेग टप्प्याटप्प्यानं वाढवतो आहे, आणि त्याची ही सबुरी मला पटते.