रामटेकच्या वाटेवर

कन्हानचा पूल ओलांडला आणि टाळांचा आवाज ट्रकांच्या हॉर्नमध्ये बुडाला. कार्तिकात नागपूरहून रामटेकला पायी जायचं म्हणजे कामठी-मनसरचा हायवे काही चुकत नाही. आमची दिंडी लहानशी. त्यात मी लोकांच्या कथा टिपायला कॉलरला माइक लावलेला, म्हणून सगळे मला 'रेडिओवाला' म्हणत.

मनसरला पाय मोकळे करायला बसलो तेव्हा एका काकांनी रामटेकच्या अंबाळा तलावाची कथा सांगितली. सूर्यवंशी अंब राजाला कोड होतं, शिकारीला आला, तलावात आंघोळ केली अन् बरा झाला. शेजारची आजी टाचेला तेल चोळत होती. ती तिथूनच म्हणाली, "आंघोळ नाही रे बाबू, नुसतं तोंड धुतलं त्यानं."
"मग कोणतं खरं धरू, आजी?"
"ते तू नोको ठरवू. दोन्ही भरून घे."

दोन्ही भरून घेतल्या, वेगवेगळ्या फाइलींत. दोन्ही जोडून एक गुळगुळीत गोष्ट करायचा मोह होतो, पण मग ती दोघांपैकी कुणाचीच उरत नाही. फाइलीसोबत सांगणाऱ्याचं गाव, जागा, तारीख आणि परवानगी हवीच. मूळ फाइल डब्ल्यूएव्हीमध्ये, म्हणजे आवाज न दाबता साठवणाऱ्या प्रकारात, प्रती दोन ठिकाणी. व्हॉइस नोटवर भागवू नये, तिच्यात आवाज दाबला जातो.

रामटेकच्या गडाला लिहून ठेवायची सवय जुनी आहे. तिथल्या लक्ष्मण मंदिरात देवगिरीच्या यादव राजा रामचंद्राच्या काळातला शिलालेख आहे, त्यात इथल्या तीर्थांची नावं आहेत. बरीच अक्षरं मात्र झिजली. दगडाची ही गत, तर मेमरी कार्डाचा काय भरवसा!

गडावरच्या वराहाच्या प्रचंड मूर्तीचे मी चोहोबाजूंनी, एकावर एक येतील असे फोटो काढले. त्यातून संगणकावर त्रिमितीय प्रतिकृती होते, मापंही मिळतात. पण पोटाखालून निघाला तो पुण्यवान, अडकला तो पापी, ही समजूत त्या प्रतिकृतीत येत नाही. त्यासाठी व्हिडिओ सुरू ठेवला. आधी पोरं सुळकन निघाली. मग मनसरचे काका शिरले. खांदे निघाले, पोट अडलं. "श्वास सोडा काका!" मागून आजी ओरडली, "कथा चुकीची सांगितली ना, म्हणून!"

काका निघाले. तो हशाही मी छाटला नाही.