प्रॉन्गहॉर्न कुंपणावरून उडत नाही

मी पुण्यातल्या एका व्हिडिओ गेम स्टुडिओत लेव्हल डिझायनर आहे. मागे एका परदेशी कंपनीसाठी शिकारीच्या गेमचा मॅप केला, अमेरिकेतल्या वायोमिंग राज्याच्या धर्तीवर. वर विंड रिव्हर रांगेसारखी ४,२०० मीटरपर्यंतची शिखरं आणि तिथे बिगहॉर्न मेंढे. मधल्या जंगलात एल्क ही मोठी हरणं, खाली सेजब्रशच्या झुडपांच्या कोरड्या माळावर हरणासारखा दिसणारा प्रॉन्गहॉर्न. टीममध्ये शिकार कुणी पाहिलेलीसुद्धा नव्हती.

पहिल्या टेस्टला व्हिडिओ कॉलवर तिकडचे एक सल्लागार होते. गुरांच्या रानात कुंपणं दुरुस्त करण्यात आणि शिकारीत हयात गेलेला माणूस. आमच्याकडे रात्र, त्यांच्याकडे सकाळची कॉफी चाललेली. माळावर त्यांनी कळप बिचकवला आणि अख्खा कळप तारेच्या कुंपणावरून टणाटण उड्या मारत पलीकडे गेला. आमचा अ‍ॅनिमेटर खूश. रेहेकुरीला जाऊन काळविटांच्या उड्यांचे व्हिडिओ काढून आणले होते त्यानं, आणि उडी दिसत होतीही देखणी.

सल्लागारांनी गेम थांबवला. प्रॉन्गहॉर्न असं करत नाही, म्हणाले. ताशी ८० किलोमीटरहून जास्त वेगानं धावणारा हा प्राणी मोकळ्या माळावरचा. उडी त्याला अगदीच येत नाही असं नाही, पण कुंपण आलं की तो सहसा खालून घुसतो. म्हणून तिकडे खालची तार बिनकाट्यांची आणि जमिनीपासून निदान १६ इंच वर ठेवायला सांगतात. तार खाली असेल तर कळप कुंपणाच्या कडेकडेनं वाट शोधत फिरत राहतो.

मग ते डोंगराकडे वळले. गेममधली सकाळ, दरीतून सरळ वर चढले आणि मेंढ्यांच्या अगदी जवळ पोचले. हे जमायलाच नको होतं. ऊन पडलं की उतारावरची हवा तापून वर चढते आणि माणसाचा वास मेंढ्यांपर्यंत नेते; संध्याकाळी थंड हवा खाली उतरते. म्हणून सकाळी जनावराच्या वरच्या अंगाला राहायचं. आमच्या गेममध्ये सगळ्या मॅपवर एकच वारा होता.

वारा सोपा निघाला. सूर्य कुठे आणि उताराचं तोंड कुठे, एवढं प्रोग्रॅमरला पुरलं. भांडण झालं ते सरपटण्यावरून. पाय दुमडून, पोट जमिनीला टेकवत तारेखालून निघायचं म्हणजे नवं अ‍ॅनिमेशन, नवा खर्च. प्रोड्युसर म्हणाला, कोण बघणार आहे? सल्लागार शांतपणे म्हणाले, वायोमिंगमधला प्रत्येक खेळाडू.

शेवटी खर्च निघाला तो गेममधून पहाडी बकरा काढून टाकून. प्रोड्युसरला फार वाईट वाटलं, पांढराशुभ्र असल्यानं ट्रेलरमध्ये तो उठून दिसला असता. मला मात्र बरंच वाटलं. वायोमिंगमध्ये तो मुळात बाहेरून आलेला. ग्रँड टेटन राष्ट्रीय उद्यानात तर बिगहॉर्नना त्याच्यापासून रोग लागू नये म्हणून २०२० मध्ये हे बकरे हेलिकॉप्टरमधून गोळ्या घालून मारले होते.