गडरक्षकांच्या शाळेतील गृहपाठ

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील आम्ही काही मराठी मंडळी आळीपाळीने लिहीत एक कथा पुढे नेतो. प्रत्येकाचे पात्र वेगळे आणि स्थळ एकच: किल्ल्यावरील नवव्या शतकातील, गडरक्षक घडवणारी एक काल्पनिक शाळा. तेथील आचार्यांचे पात्र माझ्याकडे असल्यामुळे विद्यार्थ्यांचे गृहपाठ मलाच रचावे लागतात, आणि या रोलप्लेमधील सर्वांत जबाबदारीचे काम मला हेच वाटते.

ज्या प्रश्नाला एकच उत्तर असते, तो येथे निरुपयोगी ठरतो. पहिला खेळाडू बरोबर उत्तर लिहून मोकळा होतो आणि बाकीच्यांना मान डोलावण्याखेरीज काम उरत नाही. गृहपाठ असा हवा की तो सोडवताना पात्राला काहीतरी निवडावे लागेल आणि त्या निवडीची झळ दुसऱ्या कोणाच्या तरी पात्राला लागेल.

साहित्य गडावरच आहे. चढणीच्या वाटेवर एकाच खडकातून कोरलेले चतुर्भुज मंदिर आहे. तेथील विक्रम संवत ९३३ च्या, म्हणजे इ.स. ८७६ च्या शिलालेखात फुलबागेसाठी दिलेल्या २७० हात लांब व १८७ हात रुंद जमिनीची आणि देवाच्या रोजच्या ५० माळांची नोंद आहे. २७० आणि ५० या आकड्यांतील शून्यामुळे तो लेख जगभरातील गणिताच्या अभ्यासकांना परिचित आहे. मंदिर बांधणारा अल्ल हा गडाचा कोट्टपाल, म्हणजे किल्ल्याचा रक्षक अधिकारी होता, त्यामुळे आमच्या शाळेला प्रमुखही आयताच मिळाला.

त्यावरून मी दिलेला गृहपाठ असा: "आज देवाला ४३ माळाच पोहोचल्या. उरलेल्या सात कुठे गेल्या, ते सूर्यास्तापूर्वी सांगा. मात्र माळ्याला विचारायचे नाही." हे एक बंधन नसते, तर सारा प्रसंग दोन वाक्यांत आटोपला असता. उत्तर मी ठरवून ठेवले नव्हते, आणि आचार्यांच्या लेखकाने ते कधीच ठरवू नये, असे माझे ठाम मत आहे. एका विद्यार्थ्याने बाग हाताने मोजायला घेतली, कारण जमीनच कोणी बळकावली असेल तर फुले कमी पडणारच, असा त्याचा तर्क होता. दुसरा दरवाजाशी येणाऱ्याजाणाऱ्यांच्या टोपल्या न्याहाळत बसला. एका एरवी बडबड्या मुलीने मात्र सगळी दुपार गप्प राहून काढली, कारण माळा तिच्या वडिलांनीच नेल्या होत्या. ही कल्पना सर्वस्वी तिच्या लेखिकेची.

तपासताना मी गुण देत नाही. आचार्यांच्या शेऱ्यातून नवा प्रश्न निघावा, एवढेच पाहतो. दरवाजाशी बसलेल्याला विचारले, "टोपल्या पाहिल्यास, पण त्या वाहणाऱ्यांच्या पायांना बागेतला ओला चिखल होता का?" त्या मुलीला काहीही न विचारता पुढच्या आठवड्याचा बागेचा पहारा दिला आहे, वडील आले तर ती काय करते, हे आता तिच्या लेखिकेने लिहायचे आहे.