हवाईत आधी हॉटेल, मग जहाज (उलटं नको)

हवाईचं ठरलं तेव्हा घरात दोन पार्ट्या पडल्या. आईला क्रूझ हवी होती, कारण रोज बॅगा उघडा आणि बांधा हे तिला आता नको वाटतं, आणि नवऱ्याला गाडी घेऊन भटकायचं होतं. शेवटी दोन्ही केलं, आधी तीन रात्री होनोलुलूच्या वाइकीकी बीचजवळ हॉटेल, मग सात रात्री जहाज.

जहाजाच्या बाबतीत डोकं लावायची गरजच पडली नाही. अमेरिकेचा १८८६चा एक कायदा आहे, परदेशी झेंड्याच्या जहाजाला फक्त अमेरिकेतल्या बंदरांमध्ये प्रवासी फिरवता येत नाहीत, त्यामुळे होनोलुलूहून निघून वर्षभर बेटं फिरवणारं मोठं जहाज एकच, अमेरिकी झेंड्याचं प्राइड ऑफ अमेरिका, २००५ पासून. शनिवारी निघतं, पुढच्या शनिवारी परत. कॅसिनो नाही बरं का, हवाईत जुगाराला बंदी आहे.

आता मुद्द्याचं. हॉटेल आधी की नंतर? आधी. माझ्या वहिनीने उलटं केलं होतं आणि ती अजून त्यावर बोलते. जहाजावरून सकाळी आठ-नऊला उतरवतात, हॉटेलची रूम दुपारी तीनला मिळते, मधले सहा तास पोरं, बॅगा आणि वैताग. आधी हॉटेल असलं की अकराला चेकआउट केलं, टॅक्सी केली की दुपारी थेट जहाजावर जेवायलाच. शिवाय फ्लाइट लेट झाली किंवा बॅग हरवली तर हातात दिवस असतात, आमची एक बॅग खरंच दुसऱ्या दिवशी आली, जहाज सुटलं असतं तर आठवडाभर आईच्या साड्या कुठल्या कुठे फिरत राहिल्या असत्या.

आम्ही बुधवारी पोचलो ते मुद्दाम. हनौमा बे (होनोलुलूजवळची कोरल आणि माशांची खाडी) सोमवार-मंगळवार बंद असतो आणि बाहेरच्यांना दोन दिवस आधी सकाळी सातला (हवाईच्या वेळेने) ऑनलाइन स्लॉट पकडावा लागतो, माणशी २५ डॉलर. आत जाण्याआधी कोरलवर पाय देऊ नका वगैरे सांगणारी छोटी फिल्म सगळ्यांना बघावीच लागते. आणि सनस्क्रीन तिथेच घ्या, ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट (कोरलला घातक मानलेली रसायनं) असलेलं सनस्क्रीन हवाईत २०२१पासून विकतच नाहीत.

जहाज माउई आणि काउई या बेटांवर रात्रभर थांबतं, आणि इथे नवऱ्याला त्याची गाडी मिळाली. माउईला आदल्या दिवशी गाडी घेऊन ठेवली आणि पहाटे तीनला हालेआकाला या ज्वालामुखीच्या डोंगरावरचा सूर्योदय बघायला निघालो (गाडीचं रिझर्व्हेशन लागतं, १ डॉलर, पण ६० दिवस आधी उघडतं आणि पटापट संपतं). वर ३०५५ मीटर उंची. आम्ही खाली समुद्रावर चपला घालून हिंडणारे लोक, वर थंडीने दात वाजायला लागले, आईने साडीवर माझं जॅकेट, त्यावर बीचचा टॉवेल गुंडाळला आणि डोक्यावरून पदर. शेजारची एक बाई तिच्याकडे बघून हसली आणि दोन मिनिटांनी स्वतःचा टॉवेल काढून तसाच गुंडाळला.

पण एक गोष्ट जहाजावर मिळत नाही, ती म्हणजे बिग आयलंडची (हवाईचं सगळ्यात मोठं बेट) रात्र. तिथल्या हिलो बंदरात सकाळी उतरलो, किलाउएया ज्वालामुखी तासाभराच्या आत गाठला, काठावरून धूर, काळे दगड सगळं बघितलं आणि घड्याळ बघतच परत फिरलो कारण संध्याकाळी जहाज सुटणार. उद्रेक चालू असेल तेव्हा खरी मजा अंधारात, लाल उजेड दिसतो तेव्हा. आणि मोठ्या बेटांमध्ये फेरीबोट म्हणावी तर नाही, होती ती २००९ला बंद पडली, म्हणजे परत यायचं तर विमानच.

म्हणून पुढच्या खेपेला वाइकीकी एकच रात्र आणि किलाउएयाच्या नॅशनल पार्कला लागूनच असलेल्या व्होल्कॅनो गावात दोन रात्री, तिथून होनोलुलूला येऊन मग जहाज. एक बॅग जास्त वेळा उघडावी लागेल एवढंच. आईने आत्ताच सांगून ठेवलंय, ती जावईबापूंनी बांधायची.