ओढ्यातला ब्रुक ट्राउट

व्हर्जिनियात येऊन दोन वर्षं झाली, शनॅन्डोआ नॅशनल पार्कमध्ये कितीदा तरी हायकिंग केलं, पण ओढ्यात नीट वाकून बघायचं काही सुचलं नव्हतं. परवा मिल प्राँगच्या वाटेने रॅपिडान कॅम्पकडे उतरत होतो (हूवर राष्ट्राध्यक्ष असताना १९२९ मध्ये हा कॅम्प उभा राहिला, आणि जागा बघताना त्यांची अटच होती की जवळ ट्राउट माशांचा ओढा पाहिजे), तर एका छोट्या डोहात गळ टाकून एक आजोबा बसलेले. मासा लागला. त्यांनी आधी हात ओले केले, कारण कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो, आणि पाण्यातच धरून मला दाखवला.

जेमतेम सहा इंच. मी म्हटलं ब्राउन ट्राउट का? ते म्हणाले ठिपके बघ. ब्राउनचं अंग फिकट आणि ठिपके गडद असतात, इथे बरोब्बर उलटं, गडद हिरवट अंगावर फिकट ठिपके, मधूनमधून लाल टिकली आणि तिच्याभोवती निळं कडं, पाठीवर तर कुणी बारीक नागमोडी रेघा ओढल्यासारखी नक्षी. आणि खालच्या परांची पुढची कड पांढरीशुभ्र, तिला लागून काळी रेघ. ही कड एकदा लक्षात राहिली की वरून पाण्यात बघूनही ओळखता येतो, बाकी मासा दगडांच्या रंगात हरवलेला असतो, फक्त ते पांढरं हलताना दिसतं.

हा ब्रुक ट्राउट, व्हर्जिनियाचा राज्यमासा. खरं तर तो ‘चार’ (char) नावाच्या, ट्राउटच्या नात्यातल्या माशांपैकी, पण नाव ट्राउटच पडलंय. इथला मूळचा हाच, ब्राउन १८८३ मध्ये युरोपातून आणला आणि रेनबो पॅसिफिककडचा.

याला पाणी गारच लागतं, साधारण २० अंशांच्या वर गेलं की हाल सुरू. शरद ऋतूत मादी शेपटीने बारीक खड्यांत खळगा करून अंडी घालते, ती हिवाळाभर तिथेच असतात, वरून गाळ बसला तर प्राणवायू न मिळून मरतात. म्हणून काठावरची झाडं इतकी महत्त्वाची, सावली पण तीच देतात आणि माती पण तीच धरून ठेवतात. पण इथले हेमलॉक वृक्ष एका परदेशातून आलेल्या किडीने वाळून उभ्या उभ्या मेलेत, ते बघून फार वाईट वाटतं.

आजोबांनी हात सैल सोडला, मासा क्षणभर तिथेच थांबला आणि मग सरळ खडकाखाली. मी तिथे तासभर बसून राहिलो, अजून तीन दिसले, तिन्ही त्या पांढऱ्या कडेवरून ओळखले.