बॅटरीवर जिवंत, चार्जरवर गार: नोंद चौथी

आधी कबुली देऊन टाकतो. मागच्या नोंदीत या लॅपटॉपबद्दल मी छातीठोकपणे लिहिलं होतं, डीसी जॅक (चार्जरची पिन जिथे घुसते ती जागा) बदलला, विषय संपला. तो संपला नव्हता. नवा जॅक लावल्यावर मशीन लागोपाठ दोनदा सुरू झालं आणि तेवढ्यावर मी ढोल बडवून मोकळा झालो. तिसऱ्या वेळी विंडोज ७ चे ते चार रंगीत ठिपके फिरत फिरत जवळ आले आणि झेंडा पुरा व्हायच्या आत फट्. निळा पडदा नाही, एरर नाही, पंख्याची शेवटची घरघरसुद्धा नाही. जॅक नसणार असं ज्यांनी बजावलं होतं, त्यांनी खुशाल हसून घ्यावं.

पण आज लिहायला बसलोय ते रडायला नाही. चोर सापडलाय.

लक्षण तेच जुनं: चार्जर लावला की लोगोपाशी मरायचं, चार्जर काढून नुसत्या बॅटरीवर सुरू केलं की निमूट डेस्कटॉपपर्यंत जायचं. याच लक्षणाने मला तीन नोंदी भलत्या रस्त्याला नेलं. चार्जरवर मरतंय म्हणजे दोष चार्जरकडून येणाऱ्या वाटेवर, इतका सरळ हिशोब. म्हणून ॲडॉप्टर बदलून पाहिला, जॅक बदलला, इनपुटचे दोन्ही मॉसफेट (वीज आत सोडणारे स्विच) तपासले, चार्जिंग आयसीच्या (बॅटरी भरणाऱ्या चिपच्या) भोवतालचं सगळं मल्टिमीटरच्या डायोड मोडवर मोजलं. सगळं ठणठणीत. लिनक्सची लाइव्ह पेनड्राइव्ह लावली तरी त्याच सुमाराला मरण, म्हणजे विंडोज आणि हार्ड डिस्क सुटल्या. मेमटेस्टच्या (मेमरी तपासणाऱ्या प्रोग्रॅमच्या) दोन फेऱ्या मात्र चार्जरवर बिनतक्रार पार. आणि बायोसच्या (विंडोजच्या आधीच्या सेटिंगच्या) पडद्यावर तासभर ठेवलं तरी हलत नाही.

मग बेंच सप्लायवर (टेबलावरचा, व्होल्ट-अँपिअर दाखवणारा वीजपुरवठा) घेतलं. १९ व्होल्ट, मर्यादा आधी ३ अँपिअर, मग संशय नको म्हणून ४.५. स्टँडबायला ०.०३, बटण दाबल्यावर ०.८, बायोसमध्ये १.४ च्या आसपास. लोगो आला की आकडा एकदम २.६ वर उडी मारतो आणि परत ०.०३. ही उडी मी किमान तीस वेळा पाहिली असेल. प्रत्येक वेळी मी पडणाऱ्या आकड्याकडे बघत होतो, चढणाऱ्याकडे नाही. मूर्खपणा इथे होता.

उलगडा झाला तोही योगायोगाने. सीमॉसची बॅटरी (बायोसची सेटिंग जपणारा छोटा सेल) काढून ठेवल्यामुळे बायोसची घड्याळ-तारीख पुन्हा लावायची होती. ते करताना पॉवरच्या पानावर एक ओळ दिसली: प्रोसेसरचा वेग, बॅटरीवर कायम कमी, चार्जरवर हवा तसा. दहा वेळा त्या पानावरून गेलो असेन, ही ओळ कधी वाचली नव्हती. चार्जरसाठीही "कायम कमी" केलं आणि बटण दाबलं. ठिपके आले, झेंडा झाला, डेस्कटॉप आला. चार्जरवर! मग उलटी परीक्षा: चार्जर काढला, बॅटरीसाठी वेग पूर्ण सोडला. लोगोपाशी फट्. म्हणजे चार्जर, जॅक, बॅटरी हे सगळे निर्दोष. प्रोसेसरने पूर्ण वेग घ्यायचा म्हटला की मरतं, मग वीज कुठूनही येवो. जॅकची मनोमन माफी मागितली.

इथून पुढे व्हीकोर (प्रोसेसरला मिळणारा व्होल्टेज) सोडून दुसरीकडे बघायचं कारणच नव्हतं. बोर्ड उलटा केला. प्रोसेसरच्या सॉकेटच्या बरोबर मागे एक चपटा, काळा, ऐसपैस कपॅसिटर बसलाय, या पिढीच्या बऱ्याच कोर टू ड्युओ बोर्डांवर असतो तो. वर छापलंय ०ई९०७. ज्यांना हा कोड नवा असेल त्यांच्यासाठी: ०ई म्हणजे २.५ व्होल्ट आणि ९०७ म्हणजे ९० वर सात शून्यं इतके पिकोफॅरड, म्हणजे ९०० मायक्रोफॅरड. प्रोसेसर अर्धझोपेतून एकदम जागा होतो तेव्हा त्याला लागणारा करंट बक कन्व्हर्टरला (व्होल्टेज उतरवून प्रोसेसरला देणाऱ्या सर्किटला) तत्काळ पुरवता येत नाही. तो मधला क्षण या कपॅसिटरने सांभाळायचा असतो. वर्षानुवर्षं प्रोसेसरच्या पाठीला भाजून त्याची क्षमता घटते, ईएसआर (आतला रोध) वाढतो. मग उडी आली की व्हीकोर खचतो, कंट्रोलर पॉवर-गुड (वीज ठीक आहे असं सांगणारा सिग्नल) खाली ओढतो आणि ईसी (बोर्डावरची वीज सांभाळणारी चिप) सगळ्या रेल (वीजवाहिन्या) एका झटक्यात बंद करतो. म्हणून निळा पडदा नाही. मेमटेस्ट का पार झाली तेही कळलं: तिथे भार एकसारखा असतो, झोप-जाग नसते.

मल्टिमीटरने बोर्डावरच क्षमता मोजायचा प्रयत्न कुणी करू नये. बाजूला प्रोसेसर बसलाय, व्हीकोर ते ग्राउंड माझ्याकडे ३ ओहमच्या आसपास दिसतो. हे शॉर्ट नव्हे, असंच असतं. नवशिके इथे प्रोसेसर मेला म्हणून बोर्ड टाकून देतात.

खात्रीसाठी स्कोप (व्होल्टेजचा आलेख दाखवणारं यंत्र) लावला. पहिल्यांदा व्हीकोरवर २०० मिलिव्होल्टचा खळखळाट दिसला आणि मी खूश. मग लक्षात आलं, ग्राउंडची लांब मगरक्लिप वापरतोय, ती बाजूच्या कॉइलचा सगळा गोंगाट ॲन्टेनासारखी गोळा करते. क्लिप काढून प्रोबच्या टोकाची छोटी स्प्रिंग लावली, तर खळखळाट ३० वर आला. पण लोगोच्या क्षणी ट्रिगर धरल्यावर खरा खड्डा दिसला: १.१ वरून जवळजवळ १५० मिलिव्होल्ट खाली, आणि मग सरळ शून्याकडे. तो फोटो मी जपून ठेवणार आहे.

आता काढायचा प्रश्न. माझा बेत हॉट एअरचा (गरम हवेने सोल्डर वितळवायचा) होता, पण पलीकडच्या बाजूला सॉकेटचं प्लॅस्टिक आहे आणि ग्राउंडचा पॅड (पाय जोडायची तांब्याची जागा) बोर्डातल्या सगळ्या तांब्याला जोडलेला. उष्णता ओतत राहिलो तर कपॅसिटर सुटायच्या आधी सॉकेट वाकडा होणार. तेव्हा प्रोसेसर काढून ठेवला, बोर्डाला खालून मंद गरम केलं, जाड छिन्नीटोकाची सोल्डरिंग आयर्न घेतली आणि प्रत्येक पायावर आपलं साधं ६३/३७ सोल्डर भरपूर चढवलं. कारखान्याचं बिनशिशाचं सोल्डर २१७ अंशांना वितळतं, ६३/३७ हे १८३ ला. दोन्ही मिसळली की काम हलकं होतं. तरी पंचवीस मिनिटं लागली. फ्लक्सच्या (सोल्डर नीट धरायला लावतात त्या रसायनाच्या) बाबतीत माझं मत आता पक्कं झालंय: डबीतला पिवळा राळेसारखा फ्लक्स वायर डकवायला ठीक, पण बोर्डावर सिरिंजमधला जेलच हवा.

शेवटी एका कोपऱ्यातून हलकेच उचलला आणि तो अलगद वर आला. एकही पॅड उखडला नाही. या सबंध प्रकरणातला हा माझा सर्वांत आवडता क्षण.

जागी तोच भाग लावायचा विचार सोडून दिलाय. एका ऑनलाइन विक्रेत्याकडून मागवले होते दोन, "नवे" म्हणून. पायांवर जुन्या सोल्डरचे थर, एकाच्या पोटावर खरवडल्याच्या खुणा. कुठल्यातरी मेलेल्या बोर्डावरून उपटलेले, तेही याच रोगाचे उमेदवार. त्यापेक्षा पॉलिमर टँटॅलम कपॅसिटर, ३३० मायक्रोफॅरड, २.५ व्होल्ट, ९ मिलिओहमचे चार शेजारी शेजारी. बेरीज १३२०, आणि समांतर असल्यामुळे ईएसआर सव्वादोन मिलिओहमच्या घरात. मी ते एका डोनर बोर्डावरून (सुट्या भागांसाठी ठेवलेल्या दुसऱ्या बोर्डावरून) काढले, एकेक बाहेर मोजून. (हो, तेही उपटलेलेच. पण मी उपटलेत आणि मी मोजलेत.)

चारही लावले, सगळं साफ केलं, बटण दाबलं. काही नाही. लोगो दूरच, पडदाही उजळेना. पंखा तीन सेकंद फिरून बंद, पुन्हा तीन सेकंद. संध्याकाळभर डोकं धरून बसलो. आधी निदान बॅटरीवर तरी चालत होतं.

कारण असं की हा मूळ कपॅसिटर नुसता रेल आणि ग्राउंड यांच्यात बसत नाही. त्याला धनाची दोन टोकं असतात, एक कॉइलच्या बाजूला, एक प्रोसेसरच्या बाजूला, आणि करंट त्याच्या पोटातून पलीकडे जातो. तो काढला की पूलच गेला. माझ्या बोर्डावर त्या दोन पॅडमध्ये मल्टिमीटरचा बीप (जोड असल्याची खूण) येत नव्हता, हे मी काढल्याबरोबर तपासायला हवं होतं. मग घाईत एनॅमलची बारीक जंपर वायर टाकणार होतो, पण आकडा मांडला: ३५ वॅटचा प्रोसेसर, १.१ व्होल्ट, म्हणजे बत्तीसेक अँपिअर. बारीक वायरची वात झाली असती. घरच्या वायरिंगमधली दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची तार सोलली, दोन तुकडे हातोडीने चपटे केले, शेजारी शेजारी ठेवून सोल्डरने माखले. दिसायला ओबडधोबड, कामाला चोख.

हे करताना भिंगातून आणखी एक गोष्ट दिसली. चौथा टँटॅलम उलटा. साध्या इलेक्ट्रोलिटिकवर पट्टी म्हणजे ऋण, टँटॅलमवर पट्टी म्हणजे धन. तीन बरोबर लावून चौथ्याला हात जुन्या सवयीवर गेला. पूल तुटलेला होता म्हणून मघाशी धूर निघाला नाही, नाहीतर आज वेगळीच नोंद लिहिली असती. तो फेकला, डोनरवरून पाचवा काढला.

त्यानंतर: चार्जर, पूर्ण वेग, ठिपके, झेंडा, डेस्कटॉप. दोन्ही कोर शंभर टक्के, चाळीस मिनिटं, ८१ अंशांवर स्थिर.

आता इथे नोंद संपवून खालचं झाकण लावणार होतो. पण मघाशीच मी वर लिहिलंय ना, मेमटेस्ट पार झाली कारण भार एकसारखा होता. मग ही चाळीस मिनिटं तरी वेगळं काय सांगतात? नोंद अर्धी ठेवून उठलो. दोन ओळींची स्क्रिप्ट केली: दोन्ही कोर एक सेकंद पूर्ण ताणायचे, एक सेकंद सोडायचे, पुन्हा तेच. स्कोप लावून ठेवला, मधून मधून चार्जर काढला-लावला. खड्डा आता ४० मिलिव्होल्ट, त्याहून खोल एकदाही नाही. दोन तास दहा मिनिटं चालून मीच थांबवलं.

सॉकेटच्या मधल्या चौकोनात २२ मायक्रोफॅरडचे सिरॅमिक आणखी घालायचे मनात होते, ४० पाहून तो बेत तूर्त बाजूला. झाकणाची एक फासळी मात्र माझ्या तांब्याच्या पुलाला टेकतेय. तिथे कॅप्टॉन टेपचे (उष्णता सोसणारी, वीज न वाहणारी टेप) दोन थर दिलेत, पण स्क्रू आवळला की बोर्ड किंचित वाकल्यासारखा वाटतो, म्हणून उद्या ती फासळी कानशीने घासणार.